सत्कार नको, रात्री फोन उचलणारा माणूस हवा

प्रति,
आमच्या जिल्ह्यातल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे अधिकारी आणि नेत्रदान पंधरवड्याचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या पंधरवड्यातल्या मुख्य कार्यक्रमात माझ्या आईचा मरणोत्तर सत्कार करायचा, मंचामागच्या बॅनरवर तिचा फोटो लावायचा आणि आमच्यापैकी कुणीतरी येऊन शाल-श्रीफळ स्वीकारायचं, असं आपण ठरवलं आहे. तिच्या कामाची आठवण ठेवल्याबद्दल आपले आभार. पण आम्ही चौघा भावंडांनी बसून विचार केला आणि हा सत्कार न स्वीकारण्याचं ठरवलं.

आपल्या पत्रात आईच्या कामाबद्दल दोन परिच्छेद आहेत. त्यात एक गोष्ट लिहिलेली नाही. अर्धं आयुष्य लोकांकडे डोळे मागत फिरलेल्या या बाईचे स्वतःचे डोळे तिच्याबरोबर जळले. ते घ्यायला कुणी आलं नाही. हे झाकून तिचा फोटो लावलेला आम्हाला चालणार नाही. आणि हे फक्त आमच्याच घरात घडलेलं नाही, म्हणून पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी ती कोण होती ते सांगते, कारण पत्रातल्या ‘ज्येष्ठ समाजसेविका’ या दोन शब्दांत ती मावत नाही.

आई १९३४ सालची. माहेर माणदेशातलं, सासरही माणदेशातलंच. तिच्या पाठच्या भावाला लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, पण दोन्ही बुबुळांवर पांढरी फुलं पडली आणि नजर गेली. आईचं लग्न होईपर्यंत तिच्या हाताचं एक बोट कायम त्याच्या मुठीत असायचं. विहिरीवर, रानात, खरसुंडीच्या जत्रेत. तो तिला अक्का म्हणायचा नाही, ‘माझी काठी’ म्हणायचा. आई सासरी आली, तेव्हा वरातीत तिला रडू आलं ते घर सुटलं म्हणून नव्हे, आता त्याला विहिरीवर कोण नेणार म्हणून. मामा चाळिशीच्या आत गेला.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली बायामाणसं खडी फोडायला जात होती. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, त्यामुळे आमच्या घरी निदान पगार येत होता. आई कामावर गेली ती पोरं सांभाळायला. झाडाखाली साडीच्या झोळ्या बांधून ती तान्ह्या पोरांना निजवायची, थोरल्यांना सुकडी वाटायची. तिथेच तिने पाहिलं की खडी फोडताना उडालेली कपची डोळ्यात जाते, बाई पदराने डोळा चोळते, कुणी त्यात दूध घालतं, कुणी पाल्याचा रस पिळतं, आणि महिन्याभरात डोळ्यात फूल पडतं. आई स्वच्छ पाण्याने डोळा धुवायची, वर कापसाची पट्टी ठेवायची आणि जो ट्रक जात असेल त्यात बसवून त्या बाईला मिरजेला मिशन हॉस्पिटलात पाठवायची. दोनतीनदा स्वतः सोबत गेली. तिथल्या एका डॉक्टरांनी तिला सांगितलं की फूल पडलेल्या डोळ्यावर मेलेल्या माणसाच्या बुबुळाचा पडदा बसवता येतो आणि माणूस पुन्हा बघू लागतो.

हे ऐकून ती एसटीत मिरजेपासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, असं वडील सांगायचे. मामाला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

पुढची चाळीसेक वर्षं तिने हेच केलं. आधी शिबिरं. त्या काळी मोतीबिंदूची ऑपरेशनं शाळेच्या वर्गात व्हायची. शेजारच्या कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी एकेका शिबिरात शेकडो लोकांचे डोळे करत, त्यांची कीर्ती आमच्या गावापर्यंत आली होती. आमच्याकडची शिबिरं लहान, पण तिथेही सतरंजीवर ओळीने म्हातारी माणसं झोपलेली, डोळ्यांना पट्ट्या. आई त्यांना लघवीला नेऊन आणायची, भरवायची, रात्री कुणी पट्टी ओढू नये म्हणून जागत बसायची. आम्ही पोरं मागे मागे. माझ्या धाकट्या भावाला तेव्हा गोवर आला होता, तर त्याला शिबिराच्या खोलीपासून लांब, हेडमास्तरांच्या घरी ठेवून ती दर तासाला बघून यायची. आम्हाला कधी असं वाटलं नाही की आई गावाची आहे आणि आमची नाही. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हा पहाटे चारला उठून चहा करून माझ्यासमोर बसायची, हातात वाती वळत. स्वतः चौथी शिकलेली. पण मी भूगोल पाठ म्हणताना चुकले की तिला बरोबर कळायचं.

बायकांना शेवग्याचा पाला खायला सांगणं, रातांधळी पोरं शोधून त्यांना जीवनसत्त्व अ चा डोस मिळवून देणं, १९९५ पासून पोलिओच्या बूथवर बसणं, हे सगळं होतंच. पण तिचं खरं काम नेत्रदानाचं. आणि ते किती अवघड आहे, हे बॅनर छापणाऱ्या प्रत्येकाने एकदा बघायला हवं.

डोळे मरणानंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, जितके लवकर तितके चांगले. म्हणजे जे काही बोलायचं ते मयताच्या घरीच बोलायचं. आई तिथे गेली की आधी बायकांत जाऊन बसायची. रडायची. ते नाटक नसायचं. तिला प्रत्येक घरातलं माणूस माहीत असायचं. घटकाभराने उठून बाहेर थोरल्या मुलाकडे किंवा भावाकडे जायची आणि हळू आवाजात विचारायची. “मेल्यावर डोळं काढलं तर पुढच्या जन्मी आंधळा होतो म्हंत्यात,” असं हमखास कुणीतरी म्हणायचं. आई त्याला म्हणायची, “जाळलेल्या डोळ्यांनी दिसतंय व्हय रं पुढच्या जन्मी?” यावर कुणाला उत्तर सुचायचं नाही. मग ती समजावायची: चेहरा विद्रूप होत नाही, वीस मिनिटांत काम होतं, चष्मा असला तरी चालतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, साखरेचा आजार असला तरी चालतो, वयाची अट नाही. संमती मिळाली की लगेच पंखा बंद, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली उशी. तोवर आमच्यापैकी कुणीतरी सायकलवर फोन करायला पळालेलं. त्या घरात चूल पेटायची नाही, म्हणून परत येऊन आई भाकरी आणि पिठलं करून तिकडे पाठवायची.

शिव्याही खाल्ल्या. एका घरातून तिला हाताला धरून बाहेर काढलं होतं. त्याच घरातल्या म्हातारीने पुढे स्वतः बोलावून घेऊन संकल्पाचा अर्ज भरला.

कुणाचे डोळे कुणाला बसवले हे नियमाप्रमाणे सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आईला ते जाणून घ्यायचंही नसायचं. पण आमच्या शेजारच्या वाडीतली ऊसतोडीला जाणारी एक मुलगी, उसाच्या पात्याने डोळा फाटून फूल पडलेली, रोपण झाल्यावर आईला भेटायला आली तेव्हा आईने तिच्या तोंडावरून हात फिरवत तिच्या त्या डोळ्याकडे किती वेळ पाहिलं, ते मी पाहिलं आहे. एवढीच पावती तिला पुरली.

आता त्या रात्रीचं सांगते.

आई वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रात्री अडीचच्या सुमारास घरीच वारली. त्रास झाला नाही. गावातले डॉक्टर लगेच आले, मृत्यूचा दाखला लिहून दिला. आम्ही सगळे तिथे होतो, सगळ्यांची संमती होती, विचारायची वेळच कुणावर आली नाही. तिनेच शिकवलेलं सगळं आम्ही केलं: पंखा बंद, ओला कापूस, उशी. संकल्पाच्या कार्डावर छापलेला नंबर लावला. तो बंद होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भाऊ मोटारसायकलवर गेला. रात्रपाळीच्या सिस्टर फार चांगल्या वागल्या. पण त्यांच्याकडे डोळे काढायचं साहित्य नव्हतं, शिकलेला माणूस नव्हता आणि कुणाला उठवायचं याची यादीही नव्हती. जिल्ह्याच्या गावचा दुसरा नंबर मिळाला, तो वाजत राहिला. सकाळी नऊनंतर कार्यालय उघडल्यावर तो उचलला गेला. पलीकडच्या गृहस्थांनी किती वाजता गेल्या ते विचारलं, आणि आता उपयोग नाही असं सांगितलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

नव्वद वर्षांच्या बाईचं बुबुळ रोपणाला लायक ठरलं असतं का, हे तपासल्यावरच कळलं असतं. कदाचित नसतं ठरलं. तरी ते संशोधनाला, शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला उपयोगी पडलं असतं, आणि तिला तेही चालणार होतं. तसं तिने सांगून ठेवलं होतं. तपासणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही, हे आमचं दुःख आहे.

त्यानंतर मी आईची दोनशेपानी वही काढली. तिच्यात संकल्प केलेल्यांची नावं, आणि गेलेल्यांपैकी कुणाचे डोळे घेतले गेले, कुणाचे नाही, याची नोंद आहे. ‘कोणी आले नाही’ हा शेरा त्या वहीत वारंवार आला आहे, आणि अलीकडच्या पानांवर जास्त. त्या घरांतल्या लोकांशी मी बोलले. त्यावरून माझ्या तक्रारी मांडते आहे. त्या कुणा एका कर्मचाऱ्याविरुद्ध नाहीत.

सगळ्यांत मोठी तक्रार ही, की आपलं नेत्रदान कार्यालयीन वेळेत चालतं आणि माणसं तशी मरत नाहीत. खेड्यात मयत झाल्यावर मुंबई-पुण्याहून मुलगा किंवा लेक येईपर्यंत पाच-सहा तास सहज थांबतात. म्हणजे वेळ असतो. घरचे तयार असतात. फक्त पलीकडून कुणी हलत नाही. १०८ ला फोन लावला की गाडी येते हे आमच्याकडच्या लहान पोरालाही पाठ आहे. डोळ्यांसाठी असा एकही भरवशाचा नंबर लोकांच्या तोंडी नाही.

दुसरं, डोळे काढणारी माणसं फक्त जिल्ह्याच्या गावी. आमच्यापासून दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. याला कायद्याची आडकाठी नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, आणि त्या दुरुस्तीनुसार प्रशिक्षित तंत्रज्ञालाही बुबुळ काढता येतं, नेत्रतज्ज्ञच हवा असं राहिलं नाही. घाई आहे ती काढण्याची. एकदा काढून एम. के. नावाच्या द्रावणात चार अंश तापमानाला ठेवलं की ते चार दिवसांपर्यंत टिकतं. तालुक्याला एक शिकलेली सिस्टर, साहित्याची एक पेटी आणि एक फ्रिज असेल, तर पुढचा प्रवास सकाळच्या गाडीनेही होऊ शकतो. हे मला, एका निवृत्त शिक्षिकेला, पुस्तकं वाचून आणि डॉक्टरांना विचारून कळलं. आपल्याला ते माझ्याआधी माहीत आहे. मग इतकी वर्षं का झालं नाही?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. दर पंधरवड्यात शाळेच्या मुलांची फेरी निघते, घोषणा होतात, संकल्पाचे अर्ज भरून घेतले जातात आणि किती अर्ज भरले याचा आकडा बातमीत येतो. अर्ज म्हणजे डोळे नव्हेत. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागते, आणि अर्ज नसला तरी घरचे डोळे देऊ शकतात. त्यामुळे खरी गरज मयताच्या वेळी जवळ असणाऱ्या माणसाची आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या रामायम्मा नेत्रपेढीने हे ओळखलं. त्यांचे समुपदेशक रुग्णालयांत बसतात, मृत्यू झाला की नातलगांशी बोलतात, आणि तिथूनच फार मोठ्या प्रमाणात बुबुळं मिळतात. आपल्या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात रोज माणसं जातात. त्यांच्या नातलगांना कुणी विचारतं का? माझी सत्तरीतली आई वाडीवस्तीवर चालत जाऊन विचारत होती, आणि दवाखान्यातून देह न विचारता बांधून दिला जात होता.

श्रीलंकेकडे बघा. डॉ. हडसन सिल्वा यांनी आपल्या आईच्या निधनानंतर तिचं बुबुळ एका गरीब शेतकऱ्याला बसवलं आणि १९६१ मध्ये नेत्रदान संस्था उभी केली. तो लहानसा देश पुढे जगातल्या कितीतरी देशांना बुबुळं पाठवू लागला. तिथल्या लोकांची श्रद्धा मोठी, हे खरं. पण आमच्या माणदेशातल्या लोकांची श्रद्धा कमी नाही. मी ती मयताच्या घरांत पाहिली आहे. कमी पडते ती व्यवस्था.

आणि घरच्यांना नंतर काही कळवलं जात नाही. नाव-गाव सांगू नका, पण डोळे रोपणाला वापरले गेले की अभ्यासाला, एवढं एका पोस्टकार्डावर कळवायला काय हरकत आहे? एका घरी मुलाने मला विचारलं, “ताई, आमच्या दादांच्या डोळ्यांचं काय झालं हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गल्लीत पुन्हा कुणी हो म्हणेल का?

आईसारख्या कार्यकर्त्यांबद्दल थोडंच सांगते. तिला कधी ओळखपत्र मिळालं नाही, एसटीचं भाडं मिळालं नाही. तिने ते मागितलंही नाही. पण आता तिच्या वयाच्या बाया गेल्या, आणि नव्या मुलींनी हे काम रिकाम्या हातांनी करावं असं मला वाटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

जिल्ह्यासाठी चोवीस तास उचलला जाणारा एकच नंबर ठेवा. तो प्रत्येक दवाखान्यात, ग्रामपंचायतीत आणि स्मशानभूमीच्या फाटकावर रंगवा, आणि रंगवण्याआधी कुणीतरी वरिष्ठांनी तो रात्री दोन वाजता स्वतः लावून बघावा. जुन्या कार्डांवरचा बंद नंबर बदलल्याचं जाहीर करा, कारण ती कार्डं आजही लोकांच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली आहेत.

प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात बुबुळ काढायचं शिक्षण घेतलेली किमान दोन माणसं नेमा. दोन अशासाठी की एकाची बदली झाली किंवा तो रजेवर गेला तर काम थांबू नये. सोबत साहित्य आणि गाडीची सोय.

दवाखान्यात होणाऱ्या प्रत्येक मृत्यूनंतर, आजार आड येत नसेल तर, नातलगांना नीट, सन्मानाने विचारलं जावं. ते कसं विचारायचं याचं शिक्षण द्या. ते शिकवायला आईबरोबर काम केलेल्या बायका आजही आहेत. त्यांना बोलवा, आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या.

पंधरवड्याच्या शेवटी अर्जांचा आकडा जाहीर करता, त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे द्या: किती घरांतून फोन आले, किती ठिकाणी माणूस पोचला, किती बुबुळं बसवली. आणि डोळे दिलेल्या प्रत्येक घराला महिन्याच्या आत पत्र.

यातलं काय करता येईल आणि काय नाही, हे पंधरवडा संपण्याआधी आम्हाला लेखी कळवा. येत्या १० जूनच्या दृष्टिदान दिनापर्यंत निदान नंबर आणि तालुक्याची दोन माणसं एवढं उभं राहिलं पाहिजे. सत्कारावर होणारा खर्च साहित्याच्या पहिल्या पेटीकडे वळवता आला तर वळवा.

आम्ही नुसतं मागून बसणार नाही. आईच्या वहीतली नावं, वाड्यावस्त्या आणि आजवरच्या नोंदी आम्ही स्वच्छ लिहून काढल्या आहेत. ज्यांची संमती मिळाली त्यांच्या नोंदी आपल्या कार्यालयाला द्यायला तयार आहोत. आमच्या तालुक्यातल्या तीन तरुण मुली, त्यांतल्या दोघी परिचारिका, बुबुळ काढायचं शिक्षण घ्यायला तयार आहेत. त्यांचे अर्ज या पत्रासोबत जोडले आहेत. त्यांना प्रशिक्षणाला कधी आणि कुठे पाठवायचं, ती तारीख कळवावी.

आपली,
एका नेत्रदान कार्यकर्तीची थोरली लेक